हसाजीतला 'ह'

अमेरिकेत 'इझिकेल' हे मुलाचं नाव गेल्या काही वर्षांत पुन्हा आवडीचं झालं आहे. जुन्या करारातल्या संदेष्ट्याचं भारदस्त नाव, आणि लाडाने 'झीक' म्हणायची सोय. पण नाव ठरलं की वाद सुरू होतो. शेवट 'किएल' असा मोकळा म्हणायचा की 'कल' असा आवळून? मग कुणी जाणकार सांगतो, हे दोन्ही चूक, मूळ हिब्रू उच्चार 'येखेझ्केल', आणि जोर शेवटच्या 'केल'वर. माहिती म्हणून हे बरोबर आहे. पण मूळ तेवढं शुद्ध आणि बाकीचे सगळे अपभ्रंश, ही त्यामागची समजूत मला मान्य नाही. या नावाचाच प्रवास पाहिला तर ती टिकत नाही.

हिब्रूत हे नाव सहा अक्षरांत लिहितात : योद, हेत, झायिन, कोफ, आलेफ, लामेद. यातल्या हेत, झायिन, कोफ या तिघांचा मिळून बळाचा धातू होतो, आणि शेवटचं 'एल' म्हणजे देव. 'देव बळ देवो' अशी ही प्रार्थनाच आहे. ज्याला हे नाव मिळालं तो याजक इ. स. पू. 597 मध्ये यरुशलेमहून बाबेलला नेलेल्या बंदिवानांत होता. कोरड्या हाडांनी भरलेलं खोरं, आणि त्या हाडांवर पुन्हा मांस चढून माणसं उभी राहतात, हा दृष्टांत त्याचा. मुळासकट उपटलेल्या लोकांना धीर देणाऱ्या माणसाच्या नावात बळाचा धातू असणं ही साधी गोष्ट नाही.

सगळा घोळ 'हेत' या अक्षराचा आहे. तो घशाच्या तळातून, आवळून काढायचा 'ह'. येमेन आणि इराकहून आलेल्या जुन्या पिढीच्या ज्यूंच्या बोलण्यात तो तसाच ऐकू येई. आजच्या इस्रायलमध्ये बहुतेक लोक त्या जागी घासलेला 'ख' म्हणतात, म्हणजे हेत आणि 'ख' उच्चाराचं खाफ ही दोन वेगळी अक्षरं उच्चारात एक झाली आहेत. तेव्हा 'मूळ उच्चार' म्हणून जो सांगितला जातो, त्यालाही काळाने हात लावलेलाच आहे.

अलेक्झांड्रियातल्या ज्यू पंडितांनी धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आणले तेव्हा या आवाजासाठी ग्रीक लिपीत अक्षरच नव्हतं. 'इएझेकिएल' झालं, त्याचं लॅटिनमध्ये 'एझेकिएल', आणि तिथून इंग्रजी 'इझिकेल'. बळाच्या धातूचं पहिलंच अक्षर गळालं. याच धातूचं दुसरं नाव हिज्कीया राजाचं. 1611 च्या इंग्रजी बायबलात तो जुन्या करारात 'ह' सांभाळून येतो, कारण तो भाग हिब्रूवरून उतरवलेला. आणि मत्तयाच्या वंशावळीत तोच राजा 'ह' गमावून येतो, कारण तो भाग ग्रीकवरून. एकाच ग्रंथात, एकाच राजाची दोन नावं! संदेष्ट्याच्या नावात मात्र ग्रीक वळणच रूढ झालं होतं, ते तसंच राहिलं.

हे झालं ग्रंथांतलं. घराघरांत काय झालं ते मला जास्त मोलाचं वाटतं. बगदादच्या ज्यूंनी या नावाचं 'हेस्केल' केलं, पूर्व युरोपातल्या यिद्दिश बोलणाऱ्यांनी 'खात्स्कल', आजच्या इस्रायलमध्ये लाडाने 'खेझी' म्हणतात. आणि अलिबाग-पेण पट्ट्यातल्या आपल्या बेने इस्रायल ज्यूंनी केलं 'हसाजी'. सगळीकडे सुरुवातीचा 'ये' झिजून गेला आणि घशातला आवाज कुठे 'ह' तर कुठे 'ख' होऊन राहिला. नाव आजोबांच्या तोंडून नातवाच्या कानात गेलं. ते कुठल्या लिपीत बसतं की नाही, हा प्रश्नच तिथे नव्हता.

शमुवेलचा सामाजी, अब्राहामचा आबाजी, मोशेचा मुसाजी, तसा यहेज्केलचा हसाजी. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आपल्या समाजाच्या इतिहासात ही जुनी नावं नोंदवून ठेवली, हे त्यांचे मोठे उपकार. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळा आल्या. जॉन विल्सन यांनी तर 1832 मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. त्या शिक्षणाने समाजाला पुष्कळ दिलं, जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारखे हिब्रूचे विद्वान दिले. पण त्याच काळात सामाजी मागे पडून सॅम्युएल आला, हसाजी जाऊन इझिकेल आला. गावठी टाकून शुद्ध घेतलं, असंच तेव्हा वाटलं असणार.

घडलं ते वेगळंच. हसाजीत 'एल' नाही, 'झ'चा 'स' झाला आहे, हे कबूल. पण धातूचं पहिलं अक्षर, जे पंडितांच्या ग्रीकला पेललं नाही, ते कोकणातल्या तेलाच्या घाण्यावर बसणाऱ्या बेने इस्रायलांनी सांभाळलं होतं. शुद्ध म्हणून आलेल्या इझिकेलमध्ये ते नव्हतं. मराठी बायबलातला 'यहेज्केल' हिब्रूवरून आलेला आहे. त्यातला 'ज' आपण 'जमीन'मधल्यासारखा म्हटला, तर मराठी माणसाची जीभ इंग्रजांपेक्षा मूळ नावाच्या बरीच जवळ जाते.

म्हणून इझिकेल चूक, असं मी म्हणणार नाही. निसिम इझिकेल यांनी ते आडनाव आयुष्यभर वागवलं, त्याच नावाने कविता लिहिल्या. त्यांना 'यहेज्केल' म्हणणं हा आगाऊपणा होईल. अमेरिकेतल्या मुलाचे आईबाप 'इझीकिएल' म्हणत असतील तर त्याचं नाव तेच. जो त्या हाकेला ओ देतो, त्याला विचारावं आणि तसंच म्हणावं.

हा नियम गेलेल्या माणसांनाही लागू करायला हवा. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग 1796 मध्ये बांधणारे दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेतले अधिकारी. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी ते बांधलं, असं सांगितलं जातं. त्यांचे लोक त्यांना सामाजी हसाजी म्हणत. मांडवी भागातला रस्ता मात्र त्यांची आठवण 'सॅम्युएल स्ट्रीट' म्हणून सांगतो, आणि लेखांमध्ये ते बहुतेकदा 'सॅम्युएल इझिकेल दिवेकर' असतात. पुस्तकांत आणि फलकांवर त्यांचं नाव आधी सामाजी हसाजी दिवेकर असं छापावं, इंग्रजी रूप हवं तर त्याच्या खाली द्यावं.