केदारेश्वराचं पाणी

आम्ही श्रीपूरची माणसं. पाणी म्हणजे उसाच्या सरीतलं, नाहीतर चंद्रभागेचं. दोन्ही अंगाला सोसणारं. डिसेंबरात पुतण्याबरोबर हरिश्चंद्रगडावर गेलो. देवळापासून थोडं उतरलं की केदारेश्वराची गुहा. आत कमरेएवढं पाणी, मधोमध भलंमोठं लिंग. 4 खांबांपैकी एकच शाबूत. तो पडला की कलियुग संपणार म्हणतात.

विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, काय उपयोग! पाय टाकला आणि मेंदूपर्यंत झिणझिण्या गेल्या. प्रदक्षिणा कसली, दात आवळून पाय ओढत होतो. तोंडातलं नाम दुसऱ्या पावलालाच सुटलं.

"काका, देव आठवला का?"

खरं सांगायचं तर टॉवेल आठवला.

मग ही भक्ती झाली का? याच गडावर चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ रचलं. एवढे योगी, पण ज्ञानदेवांना पत्र कोरंच धाडलं, आणि उत्तरात 65 ओव्या आल्या. त्या पाण्यात माझाही कागद कोराच झाला होता. मी नव्हतोच, नुसता गारठा होता. आईला मात्र हे पटायचं नाही. तिच्या लेखी नाम सुटलं की सगळंच सुटलं.

वर आलो तरी बोटं बधिरच. झोपडीतल्या मावशींनी चहाचा पेला हातात दिला, तेव्हा कुठे तोंडातून "विठ्ठला" निघालं.