चेनचा चिकटा काढताना

चि. बाळास,



गाडीचे फोटो पाहिले. इंजिन कोरडं आहे, टाकीवर पोचा नाही, टायरला अजून बरीच नक्षी शिल्लक आहे. जुनी गाडी घेताना एवढं मिळालं तर खूप झालं. पण मागच्या चाकाकडे पाहिल्यावर आधीच्या मालकाने चेनवर स्प्रेचा मनसोक्त मारा केलेला दिसतो. डावीकडची रिम काळी, स्विंगआर्मवर थर, नंबर प्लेटचे खालचे आकडे अर्धे झाकलेले. हे सगळं तू रविवारी पेट्रोलने पुसणार आणि मग वॉशिंग सेंटरला प्रेशर मारून घेणार, असं लिहिलंयस. त्या दोन्ही गोष्टी करू नकोस. चिपळूणला यायला मला अजून दोन महिने आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट तुझ्या बोटांची. गाडी डबल स्टँडवर घ्यायची, इंजिन चालू करून पहिला गिअर टाकायचा आणि फिरत्या चेनवर फडकं धरायचं, हा प्रकार तू कुठल्याही गॅरेजबाहेर पाहिला असशील. फार लवकर होतो म्हणून लोक करतात. फडक्याचा कोपरा चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये सापडला की हात त्याच्यासोबत आत ओढला जातो. तिथे माघार घ्यायला वेळ मिळत नाही. अशाने माणसांची बोटं तुटलेली आहेत, नख वगैरे नव्हे, पेरं. म्हणून किल्ली काढून खिशात ठेव, गाडी न्यूट्रलला घे आणि चाक हातानेच फिरव. तेही थोडं फिरवायचं, थांबवायचं, मग चेनला हात लावायचा. हाताने फिरणारं चाकसुद्धा बोट चिरडू शकतं. या पत्रातलं बाकी सगळं विसरलास तरी चालेल, हे विसरू नकोस.

आता हा चिकटा येतो कुठून ते समजून घे, म्हणजे पुढच्या महिन्यात परत हेच करायची वेळ येणार नाही. आपण वापरतो ती बुश-रोलर चेन हान्स रेनॉल्ड यांनी मँचेस्टरमध्ये 1880 साली काढली. मूळ रचना अजून तीच आहे: पिन, तिच्यावर बुश, बुशवर फिरणारा रोलर. तुझ्या गाडीच्या चेनमध्ये प्रत्येक पिनच्या दोन्ही बाजूंना रबराची बारीक रिंग आहे. पिन आणि बुश यांच्यामधलं ग्रीस कारखान्यातच भरून त्या रिंगांनी बंद केलेलं असतं. म्हणजे सर्वांत महत्त्वाचं वंगण आधीच आत आहे, आणि तू बाहेरून कितीही स्प्रे मारलास तरी तो तिथे पोचत नाही. बाहेरच्या वंगणाचं काम एवढंच की रोलर आणि स्प्रॉकेटचे दात कोरडे घासू नयेत, रबर सुकू नये आणि पत्र्यांना गंज चढू नये. त्याला पातळ थर पुरतो.

जास्तीचं वंगण चेनवर राहतच नाही. हिशेब करून बघ. गाडी ताशी 60 किलोमीटरने धावते तेव्हा साधारण दीडशे सीसीच्या गाडीत चेन सेकंदाला साडेचार मीटरच्या आसपास पळत असते. पुढचं स्प्रॉकेट जेमतेम तीन सेंटिमीटर त्रिज्येचं. त्या छोट्या वळणावर वंगणाच्या थेंबाला गुरुत्वाकर्षणाच्या साठपटींहून अधिक जोराने बाहेर फेकलं जातं. तो थेंब रिमवर, मडगार्डखाली, नंबर प्लेटवर जाऊन बसतो. त्यावर तुमच्याकडची तांबडी धूळ आणि महामार्गाच्या कामाची कच बसते. तुझ्या बाबांच्या जुन्या स्प्लेंडरला हा त्रास नव्हता, कारण तिची चेन पूर्ण कव्हरात असायची. उघडी चेन दिसायला छान, पण ती सगळं आजूबाजूला वाटत सुटते. चेनवर उरलेल्या वंगणातही तीच कच मिसळते आणि दातांना कुरतडते. म्हणून मला हा चिकटा दिसायला वाईट आहे याचं फारसं नाही, तो चेन खातो याचं वाईट वाटतं.

पेट्रोल का नको, ते सांगते. त्याची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडे ती बाराही महिने तयारच. शिवाय त्याने रबर फुगतं, मग सुकून तडकतं, आणि रिंग गेली की आतलं ग्रीस जातं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते वेगळंच. रॉकेल घे. रेशनवर मिळत नसेल तर रंगाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात विचार. त्याला पेट घ्यायला साधारण 35 ते 40 अंशांपर्यंत तापावं लागतं. म्हणून काम सावलीत, इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण गार झाल्यावर कर, आसपास उदबत्तीसुद्धा नको. रॉकेल मिळालंच नाही तर तयार चेन क्लीनर घे, फक्त डब्यावर रबर-रिंगच्या चेनला चालतो असं लिहिलंय का ते वाच. कॉस्टिक सोडा किंवा ओव्हन साफ करायचे फवारे अजिबात नकोत. तुझी रिम अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची आहे, कॉस्टिक अॅल्युमिनियमला खातं आणि काळे डाग पाडतं. ते डाग पुसून जात नाहीत.

डब्ल्यूडी-40 बद्दल तू विचारलंयस. ते 1953 मध्ये सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने धातूवरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार केलं. नावातला 40 म्हणजे चाळिसावा प्रयोग. रिमवरचा मळ सैल करायला ते चालेल. पण तेच चेनचं वंगण समजून वापरू नकोस, त्याचा थर फार पातळ असतो.

सामान फार लागत नाही: अर्धा लिटर रॉकेल, जुने टूथब्रश, मऊ केसांचा रंगाचा ब्रश, भरपूर सुती चिंध्या, रबरी हातमोजे, खाली पसरायला पुठ्ठा आणि एक पसरट डबा. तारेचा ब्रश आणि तारेची घासणी घरातच ठेव. तारेच्या ब्रशने रिंगा कापल्या जातात, घासणीने रिमवर ओरखडे पडतात.

सुरुवात पुढच्या स्प्रॉकेटपासून कर. खरी घाण तिथे असते आणि ती कोणी काढत नाही. डावीकडचं कव्हर दोन-तीन बोल्टांवर असतं, बहुतेक वेळा 8 किंवा 10 नंबरचा टी-पाना लागतो. गिअरचा लिव्हर आड येत असेल तर काढण्याआधी शाफ्टवर आणि लिव्हरवर मार्करने खूण कर, नाहीतर बसवताना तो वरखाली होतो. आत कव्हरला चिकटलेला काळा गोळा दिसेल. तो लाकडाच्या चपट्या काडीने खरवडून काढ, मग ब्रश. तिथे न्यूट्रलच्या स्विचची वायर असू शकते, ऑइल सीलही असतं, तेव्हा टोकदार काही खुपसू नकोस. हा गोळा तसाच ठेवून नुसती चेन धुतलीस तर एका फेरीत चेन परत काळी होईल.

मग चेन. चाक आणि चेन यांच्यामध्ये पुठ्ठा उभा कर. तुझ्या गाडीला मागची डिस्क उजवीकडे आहे, पण फवारा आणि शिंतोडे आऱ्यांमधून पलीकडे जातातच, म्हणून डिस्क आणि कॅलिपरवर प्लास्टिकची पिशवी बांध. रॉकेल ब्रशने चेनला लाव आणि पाच-दहा मिनिटं काही करू नकोस. इथे तुझ्यासारखी मुलं घाई करतात. करपलेलं दुधाचं पातेलं आपण भिजत घालतो ना, तेच इथे. मळ सुटला की ब्रश हलकासा फिरवला तरी निघतो. चारी बाजूंनी ब्रश फिरव, लगेच कोरड्या चिंधीने पूस, गरज पडली तर परत लाव. चेन रात्रभर रॉकेलात बुडवून ठेवायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नकोस. रबर एवढा वेळ भिजू नये.

रिम शेवटी घे, कारण तोवर तिच्यावर नवे थेंब पडलेले असणार. रिमवर रॉकेल ओतायचं नाही. चिंधी भिजवायची, डागावर दाबून धरायची, मग पुसायची. आरे आणि हबच्या कोपऱ्यात टूथब्रश. टायरला लागलं तर तिथल्या तिथे पूस आणि साबणाच्या पाण्याने धू. टायरचा रस्त्याला टेकणारा भाग ओशट राहिला तर पहिल्याच वळणावर गाडी निसटेल. नंबर प्लेटवर रॉकेल नको, तिचा परावर्तक थर आणि होलोग्राम जपायचा आहे, तिथे कोमट साबणपाणी आणि थोडा धीर. काही डाग जुने आणि उन्हाने भाजलेले आहेत, फोटोत स्विंगआर्मच्या वळणावर दिसतात तसे. ते एका दिवसात निघणार नाहीत, दोन-तीन रविवार लागतील. नखाने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलेस तर मळासोबत रंगही जाईल.

नंतर सगळीकडून रॉकेल उतरवायला गाडी धुवायच्या शाम्पूचं पाणी, मग साधं पाणी, पण बादली-मगाने. प्रेशरचा फवारा चेनवर आणि चाकाच्या बेअरिंगवर मारला की पाणी सीलच्या आत शिरतं आणि बाहेर यायला त्याला वाट नसते. डिस्कवर चुकून काही उडालं असेल तर ब्रेक क्लीनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस. पॅडच तेलाने भिजले असतील तर पुसत बसू नकोस, नवे टाक. रस्त्यावर निघण्याआधी अंगणात हळू चालवून मागचा ब्रेक दोन-चार वेळा दाबून बघ.

वंगण लावताना आधी थोडं फिरून ये, म्हणजे चेन कोमट आणि कोरडी होते. मग खालच्या फेरीच्या आतल्या बाजूला लाव. चेन फिरताना वंगण आपोआप बाहेरच्या दिशेला सरकतं, म्हणून आतून लावायचं. एक पूर्ण फेरा झाला की थांब. स्प्रे असो की 90 नंबरचं गिअर ऑइल, अर्ध्या तासाने कोरड्या चिंधीने बाहेरून पुसून घे. पुसल्यावर वाया गेलं असं वाटेल, पण जे पुसलंस ते उद्या रिमवर जाणार होतं. स्प्रे असेल तर शक्यतो संध्याकाळी लाव, म्हणजे त्यातला पातळ द्रव रात्रीत उडून जातो. साधारण पाचशे किलोमीटरला, आणि भर पावसात त्याआधी, हेच कर. तुमच्याकडचा पाऊस वंगण धुऊन नेतो.

डब्यात जमलेलं काळं रॉकेल गटारात किंवा आंब्याच्या बुंध्याशी ओतू नकोस. बाटलीत भरून जवळच्या गॅरेजमध्ये दे, जुन्या इंजिन ऑइलबरोबर ते जाईल. चिंध्या उघड्यावर पसरून वाळव, गोळा करून घरात कोंबू नकोस.

कव्हर उघडलंच आहेस तर पुढच्या स्प्रॉकेटचे दात नीट बघ. एका बाजूला आकड्यासारखे वाकलेले दिसले, किंवा मागच्या स्प्रॉकेटवरून चेन बोटाने ओढली तर अर्धा दात दिसेल इतकी सुटली, तर चेन संपलेली आहे. मग एकट्या चेनवर पैसे घालू नकोस, दोन्ही स्प्रॉकेटसह पूर्ण चेन सेट घे. फोटो काढून पाठव, मी बघून सांगते. ढिलाई किती हवी ते गाडीच्या पुस्तकात मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं, ते वाचून कळव.

तुझी,
आत्या