सर्व काही विकून टाकावे काय?



काही दिवसांपूर्वी आम्ही श्रीमंत तरुणाच्या शुभवर्तमानावर प्रवचन केले. मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर आपल्याच धर्मग्रामातील एका गृहस्थांनी आम्हाला थांबवले. ते म्हणाले, "फादर, वीस वर्षांचे कर्ज काढून मनीषनगरात दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. प्रभू म्हणतो, सर्व विकून गरिबांना दे. फ्लॅट विकला तर बायकामुलांना घेऊन कुठे जाऊ? आणि नाही विकला तर मी ख्रिस्ती नाही काय?" विचारताना ते हसत होते, पण प्रश्न थट्टेचा नव्हता. आम्ही घाईत होतो. "मनाने अलिप्त राहा म्हणजे झाले," असे उत्तर देऊन आम्ही मोकळे झालो. ते घरी गेले, पण आमचे उत्तर आम्हालाच पटले नाही. म्हणून आज या पानावर तो प्रश्न आपण सर्वांनी मिळून पाहावा असे वाटते.

प्रथम शुभवर्तमान नीट वाचू या. संत मार्कच्या दहाव्या अध्यायातील तो मनुष्य वाईट नव्हता. लहानपणापासून त्याने आज्ञा पाळल्या होत्या. प्रभूने त्याच्याकडे प्रेमाने पाहिले आणि मगच त्याला सांगितले की आपले सर्व विकून गोरगरिबांना दे आणि माझ्यामागे ये. तो खिन्न होऊन निघून गेला, कारण त्याची मालमत्ता फार होती.

परंतु प्रभूने प्रत्येकाला हेच सांगितले नाही. संत लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात जक्कय स्वतःहून अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायला तयार होतो, आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करायला. तेव्हा उरलेल्या अर्ध्याचे काय, असे प्रभूने विचारले नाही. त्या घराचे तारण झाले असेच तो म्हणाला. मार्था व मरिया यांनी बेथानीचे घर विकले नाही, त्याच घरात प्रभू जेवायला बसला. योहान्ना, सुसान्ना अशा सुखवस्तू स्त्रिया आपल्या पैशातून प्रभूच्या आणि प्रेषितांच्या गरजा भागवीत होत्या. प्रेषितांच्या कृत्यांत बर्णबाने शेत विकून रक्कम प्रेषितांच्या चरणी ठेवली. हनन्या व सप्पीरा यांनीही जमीन विकली, पण काही पैसे लपवून सर्व दिल्याचा आव आणला. पेत्राने हनन्याला स्पष्ट सांगितले की जमीन तुझीच होती आणि विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता. त्याचा अपराध पैसे ठेवण्याचा नव्हता, खोटे बोलण्याचा होता.

तेव्हा सर्वस्वाचा त्याग ही प्रत्येकासाठी एकसारखी आज्ञा नाही. ते पाचारण आहे. तिसऱ्या शतकात इजिप्तमधील तरुण अँथनी याने देवळात हेच शुभवर्तमान ऐकले, वडिलोपार्जित जमीन देऊन टाकली आणि तो अरण्यवासी संत झाला. आपल्यातील कुणाला आज तशी हाक ऐकू येत असेल तर त्याने ती टाळू नये, आम्हाला येऊन भेटावे. पण ज्याच्यावर मुलांचे शिक्षण आणि म्हाताऱ्या आईबापांचे औषधपाणी अवलंबून आहे, त्याने त्यांना रस्त्यावर आणावे असे ख्रिस्तसभेने कधीही शिकवलेले नाही. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट यांनी सुमारे १८०० वर्षांपूर्वी याच उताऱ्यावर एक प्रबंध लिहिला. त्यांचा मुद्दा साधा होता: कुणाजवळच काही उरले नाही तर भुकेल्याला जेवू कोण घालणार?

इथपर्यंत वाचून आपल्यापैकी बऱ्याच जणांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. लिहिताना आम्हीही टाकला. पण येथेच थांबलो तर आपण अर्धेच सत्य ऐकले असे होईल.

चौथ्या शतकात कप्पदुकियात दुष्काळ पडला. तेव्हा संत बेसिल यांनी धान्याची कोठारे भरून ठेवणाऱ्या श्रीमंतांना खडसावले. पेटीत पडून असलेला जादा अंगरखा उघड्या माणसाचा आहे आणि तो अडवून ठेवणारा चोराहून वेगळा नाही, अशी त्यांची शिकवण होती. संत अम्ब्रोज यांनीही तेच सांगितले: गरिबाला देताना तू आपले काही देत नाहीस, त्याचेच त्याला परत करतोस. युद्धात कैद झालेल्या माणसांना सोडवण्यासाठी त्यांनी देवळातील सोन्याचांदीची पवित्र पात्रे वितळवली. टीका झाली, पण देवळाचे सोने माणसांना वाचवण्यासाठीच आहे, असे ते ठामपणे म्हणाले.

संत थॉमस अक्वायनस यांनी पुढे हा विचार नीट मांडला. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ही गोष्ट आम्ही परीक्षेपुरती पाठ केली होती, तिचा अर्थ धर्मग्रामात आल्यावर कळू लागला. ते म्हणतात, मालमत्ता आपली असणे योग्य आहे, कारण आपल्या वस्तूची माणूस चांगली काळजी घेतो आणि भांडणे कमी होतात. पण तिचा वापर करताना ती केवळ आपली आहे असे समजू नये, गरजवंताला ती सहज द्यावी. म्हणजे सातबारा आपल्या नावाचा, पण पिकावर भुकेल्याचाही हक्क. कुटुंबाला जगण्यासाठी जे लागते ते देऊन टाकावे असे ते म्हणत नाहीत. मात्र त्यापलीकडे जे उरते ते गरिबांचे देणे आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली हीच शिकवण पुन्हा दिली आणि एक पाऊल पुढे टाकले: केवळ उरलेसुरले देऊन भागत नाही. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांनी आपले पहिले बोधपत्र 'दिलेक्सी ते' गरिबांवरील प्रेमाविषयीच लिहिले. पोप फ्रान्सिस यांनी आपल्या अखेरच्या दिवसांत त्याची तयारी सुरू केली होती.

प्रिय बंधुभगिनींनो, ही शिकवण समजून घ्यायला रोम किंवा कप्पदुकियात जाण्याची गरज नाही. आपल्या वर्धा रोडने सरळ गेले की पवनार लागते. तेथे राहणारे विनोबा भावे ख्रिस्ती नव्हते, पण या प्रश्नाने त्यांना घराबाहेर काढले. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी गावकऱ्यांपुढे विषय काढला आणि रामचंद्र रेड्डी नावाच्या जमीनदाराने तेथेच १०० एकर देऊ केली. तेथून भूदान सुरू झाले. विनोबा पुढे तेरा वर्षे देशभर पायी हिंडले. ते सर्व जमीन मागत नसत, सहावा हिस्सा मागत. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा, असे त्यांचे म्हणणे असे. गरीब हा दारावरचा भिकारी नसून घरातला वाटेकरी आहे, ही कल्पना आम्हाला शुभवर्तमानाच्या फार जवळची वाटते.

भूदानात ४० लाख एकरांहून अधिक जमीन मिळाली. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्यातील बरीच जमीन खडकाळ, नापीक किंवा कोर्टकज्जात अडकलेली निघाली. पुष्कळ जमीन भूमिहीनांपर्यंत पोहोचलीच नाही, कागदावरच राहिली. देणाऱ्याला पुण्य मिळाले, घेणाऱ्याला दगड मिळाले. आपणही असेच वागत नाही काय? कपडे गोळा करण्याच्या दिवशी देवळात येणाऱ्या पिशव्या आम्ही उघडून पाहतो. तुटलेल्या चेनची पँट, एका पायाचा बूट, मुदत संपलेले औषध. ज्याची आपल्याला अडगळ झाली ते देणे म्हणजे दान नव्हे, ती घराची साफसफाई आहे. विधवेने दोन दमड्या टाकल्या, त्या तिच्या पोटाच्या होत्या.

विदर्भातील दुसरे उदाहरण बाबा आमटे यांचे. हिंगणघाटच्या जमीनदार घराण्यात जन्मलेला, वरोऱ्यात वकिली करणारा हा माणूस. एके दिवशी पावसात पडलेला एक कुष्ठरोगी पाहून ते घाबरून पळाले. ती भीती त्यांना स्वस्थ बसू देईना, म्हणून ते परत त्याच्याकडे गेले. १९४९ साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. तेथे त्यांनी भीक वाटली नाही. रोग्यांच्या हाताला काम दिले, त्यांना शेत पिकवायला लावले. आपल्याला येथून दोन गोष्टी शिकता येतील. देण्याच्या आधी जवळ जावे लागते. आणि देताना घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही हे पाहावे लागते. सर्व मालमत्ता वाटली पण प्रीती नसली तर काही लाभ नाही, असे संत पौलही करिंथकरांना कळवतो ते याच अर्थाने.

पोप पौल सहावे यांची आठवण वडीलधाऱ्यांना असेल. डिसेंबर १९६४ मध्ये जागतिक युखरिस्त परिषदेसाठी ते मुंबईला आले. काही आठवडे आधीच त्यांनी आपला रत्नजडित मुकुट गरिबांसाठी वेदीवर ठेवून दिला होता. मुंबईत वापरलेली मोटारगाडी जाताना त्यांनी मदर तेरेसांना दिली. मदरनी ती गाडी लॉटरीत काढली आणि तो पैसा कुष्ठरोग्यांच्या शांतीनगर वसाहतीसाठी वापरला.

आता आपल्या मनीषनगराकडे येऊ. जिथे शेते होती तिथे ले-आऊट पडले, ले-आऊटवर अपार्टमेंट उभे राहिले. पूल आले, मेट्रो आली, भाव चढले. आपण मेहनतीने घरे केली, त्यात पाप नाही. पण त्याच अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये, जिन्याखालच्या खोलीत चौकीदाराचे कुटुंब राहते. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाया भल्या सकाळी पायी येतात. त्यांना आपण काय देतो? दोन दिवस आजारी पडली म्हणून पगार कापतो काय? नाताळला साडी देतो, पण तीन वर्षांत पगार वाढवला काय? संत याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहितो की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते. म्हणून दानाच्या आधी न्याय. ज्याची मजुरी थकवली त्याला भिक्षा देऊन आपण उदार होत नाही. जक्कयाने गरिबांचे नाव घेतले तसे फसवलेल्यांचेही घेतले. फ्लॅटच्या रजिस्ट्रीत खरी किंमत लपवणारे आपण जक्कयाहून फार वेगळे नाही.

हे आम्ही केवळ तुम्हाला सांगत नाही. गेल्या पावसाळ्यात एक बाई कार्यालयात आली. नवरा चौकीदार, रुग्णालयात भरती. अनामत भरायला पाच हजार हवे होते. धर्मग्रामाच्या खात्यात पैसे होते, पण ते सभागृहाच्या फरशीसाठी राखलेले, आणि दुसरी सही करणारे बाहेरगावी. आम्ही तिला शंभर रुपये दिले आणि सोमवारी यायला सांगितले. सोमवारी ती आली नाही. नंतर कळले की त्याच रात्री तिच्याबरोबर काम करणाऱ्या बायांनी शंभर-दोनशे करून रक्कम जमवली होती. नवरा बरा झाला. त्या बायांपैकी एकीचाही बाप्तिस्मा झालेला नाही. फरशी बसली. सभागृहात शिरताना ती फरशी पाहिली की आम्हाला तो सोमवार आठवतो. संत अम्ब्रोज यांनी पवित्र पात्रे वितळवली, आम्हाला फरशी थांबवता आली नाही.

म्हणून धर्मग्राम मंडळाच्या पुढील बैठकीत आम्ही प्रस्ताव ठेवणार आहोत की रविवारच्या अर्पणाचा दहावा हिस्सा वेगळ्या खात्यात जावा, तो फक्त गरजवंतांसाठी असावा, आणि अडीअडचणीच्या वेळी सोमवारची वाट न पाहता तो देता यावा. मदत मिळणाऱ्याचा धर्म विचारला जाणार नाही आणि नाव जाहीर होणार नाही. धर्मगुरूनिवासाच्या खर्चातून पहिला हिस्सा येईल.

आणि पायऱ्यांवर भेटलेल्या त्या बंधूंना आमचे उत्तर असे. फ्लॅट विकू नका. पण आज घरी बसून पती-पत्नींनी मिळून हिशेब करावा. घराला खरोखर किती लागते? आपल्याकडे काम करणाऱ्यांचे आपल्याकडे काही निघते काय? आणि उरलेल्यात गरिबाचा वाटा किती? तो वाटा इतका असावा की महिन्याच्या शेवटी तो जाणवावा, एखादी हौस पुढे ढकलावी लागावी. जे दिल्याने आपल्या जगण्यात काहीच फरक पडत नाही, त्याला विधवेच्या दमड्यांशेजारी ठेवता येणार नाही. आणि तो श्रीमंत तरुण खिन्न का झाला हेही विसरू नये. प्रभू त्याच्यापुढे उभा असताना त्याला आपली मालमत्ता सोडवली नाही. त्याने काय गमावले हे त्याला कळलेही नसेल.

प्रार्थना करू या: हे प्रभू, आमच्या घरांसाठी आम्ही तुझे आभार मानतो. आमच्या दाराशी व आमच्या जिन्याखाली राहणाऱ्यांत तुला ओळखण्याची दृष्टी दे. जे आमचे नाही ते परत करण्याचे धैर्य आणि जे आमचे आहे ते वाटण्याचा आनंद आम्हांला दे. आमेन.

ख्रिस्ताठायी आपले,
धर्मगुरू