उंबरठ्याच्या आत सरकार

प्लेगच्या रोग्यांच्या शोधात पुण्यात १३ मार्च १८९७ पासून गोऱ्या शिपायांनी घरांच्या झडत्या घ्यायला सुरुवात केली. शिपायांची तुकडी वाड्यात शिरे. माजघर, कोठीची खोली, स्वयंपाकघर, देवघर, कुठलाच कोपरा सुटत नसे. काखेत किंवा जांघेत गाठ आली आहे का, ते चाचपून पाहिले जाई. गाठ सापडली की रोग्याची रवानगी इस्पितळात आणि घरातल्या बाकीच्या माणसांची स्वारगेटच्या छावणीत. मागे रिकाम्या घराची जमीन उकरायची, भिंतींना चुना मारायचा, अंथरुणे-पांघरुणे जाळायची. बूट घालून देवघरात शिरल्याच्या, बायकांना चारचौघांत तपासल्याच्या तक्रारी रोज होऊ लागल्या. प्लेग समितीचे अध्यक्ष होते वॉल्टर चार्ल्स रँड.

रँडच्या हातात नवाकोरा कायदा होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी मंजूर झालेल्या साथरोग कायद्यात मुळात चारच कलमे होती. दुसऱ्या कलमाने सरकारला वाटेल ते नियम करण्याची मोकळीक दिली, तिसऱ्याने नियम मोडणाऱ्याला शिक्षा सांगितली आणि चौथ्याने सद्हेतूने वागणाऱ्या अधिकाऱ्यांवर दावा लावण्याची वाट बंद केली. ज्याच्या घरात शिपाई शिरणार, त्याने कोणाकडे दाद मागायची याबद्दल कायदा गप्प होता.

माणसाचा जीव वाचवायचा म्हणून त्याच्या देहावर, घरावर आणि मरणावरही सरकारचा हक्क कुठवर चालतो? हा प्रश्न आरोग्यखात्याचा म्हणून सोडून देता येत नाही. जगायचे कशासाठी, मरताना जवळ कोण असावे, मेल्यावर देहाचे काय व्हावे, या गोष्टींना माणूस कित्येकदा जिवाइतकेच मोल देतो. सरकारला मात्र प्रत्येक माणसाच्या श्रद्धेचा वेगळा हिशेब ठेवता येत नाही. त्याला जिवंत आणि मेलेले एवढेच मोजता येतात, आणि साथीत ते मोजणेही भागच असते.

सरकारची बाजू हलकी समजण्यात अर्थ नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, आणि काही महिन्यांत निम्मी मुंबई गाव सोडून पळू लागली. गाठ आलेल्या रोग्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावत. अशा वेळी हात बांधून बसणारे सरकार गुन्हेगारच ठरले असते. पण सरकारला रोग कळला होता तो अर्धाच. अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४ साली हाँगकाँगमध्ये जंतू शोधला होता. तो माणसात येतो कसा, हे कोणाला ठाऊक नव्हते. उंदराच्या पिसवेकडे पॉल-लुई सिमाँ यांनी बोट दाखवले ते १८९८ मध्ये, कराचीत, आणि तेही मान्य व्हायला पुढे कित्येक वर्षे गेली. म्हणजे पुण्यात जमीन उकरली, अंथरुणे जाळली, कुटुंबे छावणीत नेली, तेव्हा खरा वाहक घराच्या बिळाबिळांत मोकळा होता. अर्धवट ज्ञान हा दोष नव्हे, प्रत्येक नव्या साथीत ते अर्धवटच असते. दोष होता तो अर्ध्या ज्ञानावर पुरी सक्ती करण्याचा, आणि उलट विचारणाऱ्याला शत्रू मानण्याचा.

संकटकाळी नेहमीचे नियम बाजूला ठेवायचे, ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्मावर मोठे प्रकरण आहे, आणि त्यात विश्वामित्राची गोष्ट येते. बारा वर्षांचा दुष्काळ. भुकेने व्याकूळ झालेला ऋषी रात्री एका चांडाळाच्या झोपडीत कुत्र्याची तंगडी चोरायला शिरतो. चांडाळ जागा होतो आणि हे तुम्हाला शोभत नाही म्हणून त्यालाच धर्म समजावू लागतो. दोघांचा चांगला लांबलचक वाद होतो. अखेर विश्वामित्र आपलेच म्हणणे खरे करतो: जगलो तर धर्म आचरता येईल.

साथीच्या काळात या गोष्टीचा पहिलाच भाग सांगितला जातो. आधी जीव, मग बाकीचे. पण विश्वामित्राने नियम मोडला तो स्वतःपुरता. पापाचा भार त्याने स्वतःच्या डोक्यावर घेतला. दुसऱ्याच्या घशात काही कोंबले नाही. आणि पोटात आग पडलेली असतानाही तो समोरच्याचे म्हणणे ऐकून घेतो, त्याला उत्तर देतो, आणि तो समोरचा आहे कोण, तर समाजाने सगळ्यात खाली ढकललेला माणूस. त्याच आपद्धर्मप्रकरणात अडचणीतल्या राजालाही बऱ्याच सवलती दिल्या आहेत, हे खरे. पण राजाचे संकट आणि प्रजेचे संकट एकच आहे, असे राजाने एकट्याने ठरवायचे नसते.

पुण्यातला विरोधही निर्मळ नव्हता. घराची इभ्रत, बायकांची अब्रू याबद्दलची चीड खरी होती. पण तिच्यात विटाळाची भीती मिसळलेली होती. सगळ्या जातींचे रोगी एका छपराखाली ठेवण्यावर जो राग होता, त्याला मानवी प्रतिष्ठेचा कैवार म्हणता येणार नाही. रँडवर गोळी झाडणारे दामोदर चापेकर सुधारकांचाही तितकाच तिरस्कार करत. धर्मात ढवळाढवळ होते आहे असे म्हणणाऱ्याला, तो धर्म कोणाकोणाला घराबाहेर ठेवतो, हे विचारलेच पाहिजे.

याच दिवसांत पुण्याजवळ हडपसरच्या माळावर डॉ. यशवंत फुले यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. त्यांच्या आई सावित्रीबाई तिथे राबत होत्या. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतला एक आजारी मुलगा त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणला. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. झडत्या सुरू झाल्या त्या तीन दिवसांनी. रोग्याला घरातून हलवणे हे रँडच्या योजनेतही होते आणि सावित्रीबाईंच्या कामातही. वेगळेपणा होता तो उचलणाऱ्याने स्वतःवर काय ओढवून घेतले यात.

टिळकांनी शहर सोडले नाही. त्यांनी हिंदूंसाठी वेगळे प्लेग-इस्पितळ उभारण्यात पुढाकार घेतला आणि ‘केसरी’तून कारभारावर कोरडे ओढले. इस्पितळ वेगळे असण्यातली मर्यादा उघड आहे, तरी टीका करणाऱ्याने पर्याय उभा करून दाखवला होता. २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला. त्यानंतर सरकारने टीका आणि खून यांतला फरकच पुसून टाकला. टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला आणि सप्टेंबरात त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी सुनावली गेली.

या सगळ्या प्रकरणात गोपाळ कृष्ण गोखले यांची गोष्ट सर्वांत अवघड आहे. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितले की शिपायांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला. तिकडे मोठी खळबळ माजली. ते मुंबईला परतले तोवर रँडचा खून झालेला, धरपकड चाललेली. ज्यांनी लिहून कळवले होते, ते आता नाव पुढे करायला तयार होईनात. गोखल्यांनी जाहीर, बिनशर्त माफी मागितली. भित्रा म्हणून त्यांची छी-थू झाली, आणि तो डाग त्यांना बरीच वर्षे पुरला.

माफी त्यांनी मागायलाच हवी होती. सिद्ध करता येत नाही असा आरोप परत घेणे हे सत्यनिष्ठेचेच काम. पण त्या माफीने शिपाई निर्दोष ठरले, असे समजणे फसवे आहे. जिथे साक्ष देणाऱ्याला तुरुंग दिसतो, तिथे पुरावा मिळत नाही याचा अर्थ काय घ्यायचा? त्याच वर्षी मे महिन्यात पंडिता रमाबाईंनी छावणीत गेलेल्या आपल्या आश्रमातल्या मुलीच्या हालांबद्दल ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहिले होते. त्या काही सोवळ्याओवळ्याच्या कैवारी नव्हत्या. सनातन्यांनी त्यांना वाळीत टाकले होते. भीतीने गप्प बसवलेल्या गावात सरकारलाही खरे कळत नाही. लोक रोगी लपवू लागले, प्रेते लपवू लागले, रातोरात गाव सोडू लागले, आणि त्यांच्याबरोबर प्लेगही गावोगाव गेला. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत तपासणीवरून दंगल उसळली, तेव्हा कुठे सरकारने सक्ती सैल करायला घेतली.

त्याच १८९७ च्या कायद्याचा आधार महाराष्ट्र सरकारने करोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये घेतला. त्या वर्षी पालख्यांच्या सोहळ्याबाबत सरकार आणि संस्थाने यांच्यात बैठका झाल्या, आणि आळंदी-देहूच्या पादुका ३० जूनला एसटीने पंढरपूरला गेल्या. शेकडो वर्षांची पायी वारी थांबवणे साधे नव्हते. वारकऱ्यांच्या मनाला ते लागलेच. पण तो नियम त्यांनी चर्चेअंती स्वतः पाळला. हाच आपद्धर्म. याउलट २४ मार्चच्या रात्री आठला घोषणा आणि बाराला देशभर टाळेबंदी, यात कामगारांना विचारण्याला जागाच नव्हती. ८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून ते घराच्या वाटेने पायी निघाले होते.

मरणानंतरचा प्रश्नही पुन्हा आला. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने, करोनाने मेलेल्याचा धर्म कुठलाही असो, दहनच करावे असा आदेश काढला आणि त्याच दिवशी मागे घेतला. पुढे वांद्र्याच्या कब्रस्तानात दफन होऊ नये म्हणून काही रहिवासी उच्च न्यायालयात गेले. मे महिन्यात न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली आणि सन्मानाने अंत्यविधी होणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे असे म्हटले. १८९७ मध्ये असे म्हणणारी जागाच नव्हती, म्हणून या निकालाचे मोल फार आहे.

२०२० मध्येच संसदेने साथरोग कायद्यात दुरुस्ती केली. डॉक्टर, परिचारिका, आशा कार्यकर्त्या यांच्यावर हात उचलणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत, गंभीर दुखापत केल्यास सात वर्षांपर्यंत कैद. दगडफेक झेलत वस्त्यांत फिरलेल्या या माणसांना ते संरक्षण मिळायलाच हवे होते. चौथे कलम होते तसेच राहिले, आणि ज्याला घरातून उचलून नेले जाते त्याला कारण सांगावे, त्याच्या माणसांना खबर द्यावी, त्याची तक्रार ऐकायला कोणी नेमावे, यासाठी एक ओळही त्यात आली नाही.