बंद घराची किल्ली



गेल्या वर्षीची गोष्ट. रविवारची सकाळची मिस्सा आटोपून आम्ही दोघे चर्चच्या आवारात उभे होतो. गायनवृंदात गाणारे एक तरुण जोडपे जवळ आले. तो अंधेरीला नोकरी करणारा, ती वांद्र्याच्या एका रुग्णालयात परिचारिका, मुलगी पहिलीत. त्यांच्या भाड्याच्या घराचे अकरा महिने संपत आले होते आणि मालकाला घर विकायचे होते. "अंकल, तुमच्या माहितीत कुठे घर आहे का? स्टेशनपासून चालत जाता येईल असे. हिची रात्रपाळी असते," तो म्हणाला. लग्नानंतरच्या आठ वर्षांतले हे त्यांचे पाचवे घर ठरणार होते.

"बघतो, कुणाला तरी विचारतो," आम्ही म्हणालो आणि घरी आलो.

आमच्या कपाटाच्या खणात एक किल्ली आहे. वसई रोड स्टेशनपासून दहा मिनिटांच्या अंतरावर, दुसऱ्या मजल्यावर असलेल्या एका फ्लॅटची. वडिलोपार्जित वाडीचा एक तुकडा विकून २००८ साली आम्ही तो घेतला होता, मुलाच्या संसारासाठी. फादरांनी येऊन घर आशीर्वादित केले, नातेवाईक जेवून गेले. पण २०१२ साली मुलगा कॅनडाला गेला आणि तिथलाच झाला. तेव्हापासून महिन्यातून एकदा आम्ही तिथे जातो. खिडक्या उघडतो, नळ सोडून बघतो, झुरळांचे औषध मारतो, सोसायटीचा मेंटेनन्स भरतो आणि कुलूप लावून परत येतो. त्या घरात आजवर साधा चहादेखील झालेला नव्हता.

त्या रविवारी दुपारी जेवण नीट गेले नाही. आम्ही काही चोरी केली नव्हती. घर आमचे, कष्टाच्या पैशांचे. ते उघडे ठेवायचे की बंद, हा आमचा प्रश्न. कायदाही तेच सांगतो. मग मनाला टोचणी कसली? या लेखात आम्हाला त्या टोचणीचाच विचार करायचा आहे. कारण अशी किल्ली एकट्या आमच्याच कपाटात आहे असे नाही. वाचकहो, कदाचित तुमच्याही असेल.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशाच्या शहरांत १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने त्याच आकड्यांचा आधार घेऊन दाखवले की, रिकाम्या घरांत मुंबईचा क्रमांक पहिला होता, सुमारे ४ लाख ८० हजार घरे. आणि त्याच जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत होते. एकाच शहरात माणसांना घर नाही आणि घरांना माणूस नाही.

घर बंद का ठेवले, असे कुणी विचारले की आपल्यापाशी उत्तर तयार असते: "भाडेकरू उठलाच नाही तर?" ही भीती खोटी नाही, तिला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत जागेची टंचाई झाली. घरमालकांनी भाडेकरूंना लुबाडू नये म्हणून निर्बंध आले आणि पुढे १९४७ साली मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला. जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली गेली. या कायद्यामुळे लाखो गरीब कुटुंबे रस्त्यावर येण्यापासून वाचली, हे विसरता कामा नये. पण महागाई वाढत गेली, भाडे तेच राहिले. मालकांनी दुरुस्ती सोडून दिली, इमारती खचल्या, पागडीचा व्यवहार बोकाळला आणि "एकदा जागा दिली की गेली" ही धास्ती मराठी माणसाच्या मनात कायमची बसली.

परंतु ३१ मार्च २००० पासून नवा भाडे नियंत्रण कायदा लागू आहे. लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून त्याची नोंदणी केली, तर मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुदतीनंतरही जागा अडवून धरणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. अडचणी तरीही येतात, फेऱ्या माराव्या लागतात. पण आपली भीती अजून १९४७ सालातच उभी आहे. खरे सांगायचे तर आम्ही नवा कायदा कधी समजून घेतलाच नाही. भीती आमच्या सोयीची होती.

सोयीची का? कारण भाड्यावाचून आमचे काही अडत नव्हते. मुंबईच्या आसपास घराच्या किमतीच्या मानाने वर्षाचे भाडे थोडेच सुटते. त्यासाठी एजंट, करार, पोलीस ठाण्याला माहिती, गळक्या नळाच्या तक्रारी, हे सारे कशाला? शिवाय घर भाड्याने दिले की सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावते, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत. गंमत अशी की, नाव आहे 'न राहण्याचा' आकार, पण तो पडतो घरात कुणीतरी राहायला आल्यावर! कुलूप लावलेल्या घराला तो नाही. भिंती उभ्या असतात, भाव आपोआप वाढत असतो. जणू लॉकरमधले सोनेच.

येथेच आपली गल्लत होते. लॉकरमध्ये सोने पडून राहिले म्हणून कुणाची झोप उडत नाही. घराचे तसे नाही. ते जमिनीवर उभे असते. त्याच्यासाठी कुणाची तरी वाडी तोडलेली असते, एखादे बावखल बुजवलेले असते. ते स्टेशनजवळची जागा अडवते, आणि स्टेशनजवळच्या जागा मोजक्याच असतात. अशी घरे बंद राहिली की भाड्याने मिळणारी घरे कमी होतात. मग वसईत परवडत नाही म्हणून कुणी विरारला जातो, विरारला परवडत नाही म्हणून कुणी सफाळ्याला, बोईसरला. आपल्या निर्धास्तपणाची किंमत दुसऱ्या कुणाच्या तरी पहाटेच्या झोपेतून वसूल होत असते.

आपण वसईकरांनी तर हा विचार अधिकच करायला हवा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बिल्डरांच्या आक्रमणाविरुद्ध हरित वसईची चळवळ उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी तिचे नेतृत्व केले. २०२४ साली ते देवाघरी गेले तेव्हा आपण सर्वांनी त्यांची आठवण काढली. बाहेरून आलेल्यांनी वसई बिघडवली, असे आपण अजूनही म्हणतो. पण ज्या इमारतींच्या नावाने आपण बोटे मोडली, त्यांतच आपलेही फ्लॅट आहेत, आणि त्यांतले काही बंद आहेत. ज्याला राहायला जागाच नव्हती त्याने वसईत घर घेतले, हे समजू शकते. गरज नसताना घेऊन कुलूप लावणाऱ्या आम्ही मात्र आमची हिरवी वाडी कशासाठी गमावली?

जागेची टंचाई या शहराला नवीन नाही. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले कामगार दहा-बारा जण मिळून एका खोलीत राहत आणि पाळीप्रमाणे झोपत. बी.डी.डी. चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत घरच्या माणसांबरोबर गावाकडून आलेला पाहुणाही सामावत असे. धोबी तलावला गोव्याच्या गावागावांचे कूड होते, त्यांतले काही आजही आहेत. बोटीवर जाणारा खलाशी असो की नोकरी शोधायला आलेला तरुण, गावच्या कुडात नाममात्र वर्गणीवर त्याला पथारीपुरती जागा आणि ट्रंक ठेवायला कोपरा मिळे. संध्याकाळी सारे जण मिळून रोझरी म्हणत. त्या दिवसांचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. ती गर्दी होती, ओढगस्त होती, आणि कुडात बायकांना जागा नव्हती. पण गावचा माणूस रस्त्यावर असताना जागा रिकामी ठेवायची नाही, एवढे त्या गरिबांना न सांगता कळत होते.

आपल्या धर्मशिक्षणातही हे आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी शिकवले की, माणसाने मालमत्ता स्वतःची म्हणून बाळगायला हरकत नाही, परंतु तिचा उपयोग करताना ती सर्वांची आहे असे समजून गरजवंताला वाटा द्यायला तयार असावे. १९८७ हे बेघरांसाठी निवाऱ्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष होते. त्याच वर्षाच्या अखेरीस पोप जॉन पॉल दुसरे यांनी आपल्या सामाजिक परिपत्रकात घरटंचाईचा उल्लेख केला आणि खाजगी मालमत्तेवर समाजाचा जणू गहाणहक्क असतो असे सांगितले. म्हणजे घर आपले, पण त्यावर एक न फेडलेले देणे आहे.

दर नाताळला आपण गोठा सजवतो. त्या वेळी बेथलेहेमच्या उतारशाळेविषयी आपण थोडे रागानेच बोलतो. गरोदर मरियेला आणि योसेफाला तिथे जागा मिळाली नाही. पण त्या रविवारी दुपारी आमच्या ध्यानात आले की, ती उतारशाळा निदान भरलेली तरी होती. आमचे घर रिकामे होते.

मग ज्याच्या नावावर दुसरे घर आहे तो प्रत्येक जण दोषी का? तसे आम्हाला म्हणायचे नाही. एखाद्या विधवा बहिणीला त्या घराचाच म्हातारपणी आधार असतो. कुणाचा मुलगा सहा महिन्यांत आखातातून परतणार असतो. कुणाचे प्रकरण कोर्टात अडकलेले असते. प्रत्येकाने आपल्या किल्लीचा हिशेब स्वतःच्या विवेकबुद्धीपुढे मांडावा. आणि घर फुकट द्या, असेही कुणी म्हणत नाही. योग्य भाडे घ्या, अनामत घ्या, करार नोंदवा. हे दान नव्हेच. वापरासाठी बांधलेली वस्तू वापरात आणणे एवढेच आहे. आमचा प्रश्न साधा आहे: घर बंद ठेवण्यामागे खरी गरज आहे, की फक्त कटकट नको ही वृत्ती?

त्या जोडप्याचे पुढे काय झाले ते सांगायला हवे. आम्ही विचार केला, मुलाशी फोनवर बोललो, पुन्हा विचार केला. या साऱ्यात नऊ आठवडे गेले. शेवटी धीर करून त्या तरुणाला फोन लावला. तो आदराने बोलला. "थँक यू, अंकल. पण आम्ही बोईसरला घर घेतले भाड्याने. डिपॉझिट भरले, पोरीची शाळाही बदलली." त्याची पत्नी आता डहाणू लोकलने ये-जा करते. रविवारच्या गायनवृंदात ती दोघे दिसत नाहीत. आमच्या "बघतो"ची किंमत त्या मुलीने आपली शाळा सोडून चुकवली.

त्यानंतर आम्ही घर एजंटकडे दिले. साताऱ्याकडचे एक कुटुंब आले. तो रिक्षा चालवतो, घरात म्हातारी आई, दोन मुले. ती माणसे आपल्या धर्माची नाहीत. सोसायटीत आम्हाला विचारणा झाली, "आपली माणसे आहेत ना?" क्षणभर काय सांगावे ते सुचेना. मग आम्ही म्हणालो, "हो, आपलीच आहेत. कागदपत्रे पूर्ण आहेत." चांगल्या शेजाऱ्याचा धर्म विचारायचा नसतो, हे प्रभू येशूने शोमरोनी माणसाच्या दाखल्यात केव्हाच शिकवले आहे.

भीती पूर्ण गेली का? नाही. अकरा महिने संपतील तेव्हा पुन्हा धाकधूक होईलच. पण परवा संध्याकाळी त्या रस्त्याने येताना दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत दिवा दिसला. आतून फोडणीचा वास येत होता आणि एक मूल मोठ्याने पाढे म्हणत होते. फादरांनी इतक्या वर्षांपूर्वी आशीर्वादित केलेली ती जागा आता कुठे घर झाली होती.

आपल्या धर्मग्रामात, आपल्या वाडीत अशी किती कुलपे असतील? पुढच्या समूहसभेत प्रत्येकाने आपापल्या कपाटातल्या किल्लीविषयी बोलावे, अशी नम्र विनंती आहे. आणि मिस्सेनंतर कुणी घराबद्दल विचारले, तर "बघतो" म्हणण्याआधी घटकाभर थांबावे.