साखर व्हावं की खावी

साखर व्हायचं की साखर खायची, हा वाद भक्तीइतकाच जुना असावा. अठराव्या शतकातल्या रामप्रसाद सेन या बंगाली शाक्त कवीने उत्तर देऊन टाकलं होतं: साखर होण्यात मला रस नाही, मला ती खायला आवडते. अद्वैती म्हणेल, चवीसाठी देवापासून वेगळं राहायचं हेच तर अज्ञान. मी मोहगावची. सर्पिणीच्या काठचा अर्धनारीश्वर हे आमचं दैवत, त्यामुळे दोन की एक हा प्रश्न मला लहानपणापासून समोर दिसत आला आहे.

आमचे हे गेले तेव्हा भेटायला येणारे म्हणायचे, ते शिवात विलीन झाले, आता दुःख कशाला करायचं. सांत्वन मनापासूनचं होतं, तरी मला ते सोसवेना. विलीन झाले असतील तर मी हाक कुणाला मारायची?

सिंगापूरला लेकीकडे गेले, तेव्हा हा प्रश्न भलत्याच ठिकाणी पुन्हा उभा राहिला. तिथे डेम्प्सी भागात २०२१ साली म्युझियम ऑफ आइस्क्रीम उघडलं. त्याची सुरुवात २०१६ ची, न्यूयॉर्कमधली. आइस्क्रीम माझ्या जिवाचं, म्हणून नात हट्टाने घेऊन गेली. सगळीकडे गुलाबी रंग, एकेका दालनात हातावर आइस्क्रीम, हवं तितकं खा. आणि एक मोठा हौद, आइस्क्रीमवर भुरभुरतात तसल्या रंगीत कांड्यांनी भरलेला. लहानमोठे सगळे त्यात उड्या घेत होते. मीही उतरले, कमरेपर्यंत रुतले.

"आजी, तोंडात नको हं घालू, प्लास्टिक आहे ते," नात म्हणाली.

मुलांचा आनंद खरा होता, त्याला मी नावं ठेवणार नाही. मला मात्र तिथे उभ्याउभ्या कळलं की गोडाच्या आत शिरणं म्हणजे गोडी मिळणं नव्हे. आणि त्या कांड्या खऱ्या साखरेच्या असत्या, तरी साखरेला स्वतःची चव कुठे कळते?

चव जिभेलाही एकटीला मिळत नाही. थंडीने जिभेची गोडाची जाण मंदावते, म्हणून आइस्क्रीममध्ये साखर जास्त घालावी लागते. तेच वितळलं की अति गोड लागतं. साखर तेवढीच असते, जीभही तीच. दोघींची गाठ कशी पडते त्यावर गोडी ठरते.

आमच्या देवळात अभिषेकाला दूध, दही, तूप, मध, साखर पिंडीवर ओततात. गोडात न्हायचा मान देवाचा. आपल्या तळहातावर येतं ते पंचामृत, पळीभर. तेवढ्यासाठी हात पुढे करावा लागतो. देणारा आणि घेणारा असे दोघे लागतात.

यावर ज्ञानेश्वरीचाच आधार घेऊन कुणी मला अडवेल. दुसऱ्या अध्यायात माउलींनी जिभेवर कडक बोट ठेवलं आहे: बाकीची इंद्रियं आवरून जीभ मोकळी सोडली, तर वरवर पालवी खुडून मुळाला पाणी घातल्यासारखं होतं. मला ते मान्य आहे. पण तिथे बोलणं विषयांच्या ओढीचं आहे, प्रेमाचं नव्हे. त्याच माउलींनी अमृतानुभवाच्या आरंभी शिवशक्तीला वंदन करताना गूळ आणि गोडी यांचा दाखला दिला. ती वेगळी काढायला जावं, तर निवाडाच लंगडा पडतो. पुढे नवव्या प्रकरणात ते म्हणतात, एकच डोंगर कोरून देव, देऊळ आणि देवाचा परिवार घडवता येतो, मग भक्तीचा व्यवहार अद्वैतात का होऊ नये? इथे भक्ती ही अज्ञान्याची तात्पुरती सोय राहत नाही. ऐक्य पुरतं झाल्यावरही ती चालूच राहते.

माझा विश्वास या नवव्या प्रकरणावर आहे. डोंगर एकच असेल, माझे हेही त्यातच असतील. पण त्याच दगडात ऐकणारा कोरता येतो, तशी हाक मारणारीही कोरता येते. म्हणून पितृपक्षात त्यांच्या तिथीला मी खीर करते ती आठवण म्हणून नव्हे. ती त्यांना वाढते, आणि गोड पुरेसं झालं का, हे त्यांना विचारते.