रविवार कुणाचा?

काम, घर, तब्येत, छंद, माणसं, सगळ्यांना वेळ द्या म्हणजे सुखी व्हाल, असं आपण एकमेकांना सांगत असतो. सल्ला खोटा नाही. पण तो वेळ आणायचा कुठून? मुंबईच्या गिरण्यांमध्ये 1880च्या दशकात उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत साचे चालत आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. त्या साच्यावरच्या माणसाला ‘पोराबाळांकडे बघ, जिवाला जप’ असं सांगून काय उपयोग होता?

नारायण मेघाजी लोखंड्यांना हे पुरतं कळलं होतं. जोतीराव फुल्यांचे ते सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. 1884 साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीमागचं एक कारण सांगितलं जातं. 1890मध्ये महालक्ष्मीला हजारो कामगारांची सभा भरली, तीत बायकाही बोलल्या. त्याच वर्षी 10 जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. आज आपण ज्या दिवशी उशिरा उठतो, तो दिवस असा भांडून मिळवलेला आहे. म्हणून रविवारी सकाळी साहेबाचा ‘जरा एवढं बघाल का’ असा मेसेज आला की मला राग येतो.

पण त्याहून जास्त मला घरातला रविवार खुपतो. सगळे घरी, म्हणून सकाळी पोहे, दुपारी मटण. खोबरं भाजून वाटण करायचं, भाकऱ्या थापायच्या, पातेल्यांचा ढीग उपसायचा. बाकीचे जेवून आडवे होतात तेव्हा घरातली बाई शेगडीभोवतीचा तेलकटपणा पुसत असते. 2024च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार आपल्या घरचं काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची 88.

तेव्हा एखादे गृहस्थ नोकरी सांभाळून पहाटे टेकडी चढतात, गाणं शिकतात, मित्रांत रमतात, याचं कौतुक करताना त्यांचा डबा कोण भरतं हेही विचारावं. आयुष्याचा तोल माणशी मोजला की फसगत होते. तो घराचा म्हणून मोजावा. एकाचा फुरसतीचा तास बहुधा दुसऱ्या कुणाच्या दिवसातून काढलेला असतो, आणि त्या दुसऱ्या माणसाला कुणी विचारलेलं नसतं.

पुरुषांनी रविवारी भाजी चिरून दिली, एवढ्याने हे मिटत नाही. तूरडाळ संपत आलीय, सासऱ्यांच्या गोळ्या मंगळवारपर्यंतच पुरतील, धाकट्याला सोमवारी शाळेत पांढरे बूट लागतील, हे सगळं घरातल्या बाईच्याच डोक्यात फिरत राहतं, आणि हात रिकामे असले तरी ती सुटत नाही. मला वाटतं, आठवड्यातून एक दिवस तरी हे लक्षात ठेवायचं कामही दुसऱ्याने घ्यावं: काय शिजवायचं हे ठरवण्यापासून रात्री विरजण लावेपर्यंत, तिला एकदाही न विचारता.